खोकणारा मासा

कुणाचं सोंग उघडं पाडायचं मी एकदा मनावर घेतलं की ते पाडतोच! बढाई मारत नाही, माझा धंदाच तो आहे. वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं तपासनीस आहे. आमची पद्धत अगदी सोपी. एकच वजन काट्यावर तीनदा ठेवायचं, म्हणजे आमच्या भाषेत तीन ‘वाचनं’ घ्यायची. तिन्ही वेळा तोच आकडा आला तर काटा पास. वेगवेगळे आकडे आले तर नापास, मग काट्याचा मालक पाया पडो की डोकं आपटो! आलेला आकडा वहीत लिहायचा, खाली सही ठोकायची आणि पुढचा काटा घ्यायचा.

अशा माणसाच्या घरचा कारभार कशावर चालावा? स्वप्नांवर!

माझी आत्या चार वर्षांपूर्वी ‘आठवडाभर’ म्हणून राहायला आली. आपल्याला स्वप्नांचा अर्थ लावता येतो असं तिचं म्हणणं आहे, आणि माझ्या बायकोचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. रोज सकाळी चहाच्या टेबलावर आत्याचा दरबार भरतो. कुणी काय पाहिलं ते सांगायचं, आत्या डोळे मिटून “हूं” म्हणणार आणि निकाल देणार. बायकोच्या स्वप्नात नळ गळला म्हणून आम्ही आमच्याकडे यायला निघालेल्या पाहुण्यांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवलंय! तेवढंही मी दातओठ खाऊन सहन केलं. पण त्या सोमवारी कामावरून आलो तर माझी आरामखुर्ची जागेवर नाही.

“खुर्ची कुठे आहे?”

“भंगारवाल्याला दिली,” बायको शांतपणे म्हणाली. “चिमणीच्या स्वप्नात खुर्चीला दात आले होते.”

चिमणी म्हणजे आमची सात वर्षांची लेक.

“अगं, स्वप्नात आले होते ना? खुर्चीला आलेत का?”

“येईपर्यंत थांबायचं का?” आत्याने आतून विचारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली! वीस-वीस किलोची वजनं उचलून माझी कंबर कामातून गेली आहे. तिला जगात एकच आसरा होता, ती खुर्ची. दुसरा आसरा मिळायचा तो बुधवारी मिळणार होता. बुधवारी मुख्य तपासनीसाच्या जागेसाठी मुलाखत होती. मुख्य तपासनीस वजनं उचलत नाही, तो फक्त सह्या करतो. उमेदवार दोनच. एक मी आणि दुसरा मौनी. हा आमचा सहकारी दिवसाकाठी दोन शब्द बोलतो आणि त्यातला एक ‘हो’ असतो. म्हणजे जागा माझीच, यात मला तरी शंका नव्हती.

“उद्याच्या उद्या मी हे थोतांड बंद करतो,” मी बायकोला म्हणालो. “एकच स्वप्न तीन जाणकारांना सांगायचं. तिघांनी तीन अर्थ सांगितले की खेळ खलास!”

“अहो, परवा मुलाखत आहे. ती आधी होऊ द्या.”

“नाही! आधी आत्या!”

आता मला स्वप्नं पडतच नाहीत. वजनं उचलणारा माणूस ओंडक्यासारखा झोपतो. म्हणून मी मंगळवारी सकाळी दात घासता घासता एक स्वप्न बनवलं. होता होईल तेवढं बिनडोक बनवलं.

“आत्या, मला स्वप्न पडलं,” मी चहाला बसता बसता म्हणालो.

बायकोचा चमचा कपातच थांबला. चार वर्षांत मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

“मी एका उंच शिडीच्या टोकावर बसलोय. हातात मासा आहे. आणि तो मासा माझ्याकडे बघून खोकतोय.”

आत्याने डोळे मिटले. “किती वेळा?”

हे मी ठरवलंच नव्हतं! “तीनदा,” मी ठोकून दिलं.

“कोरडा की ओला?”

“काय?”

“खोकला रे!”

“कोरडा!”

“हूं,” आत्या म्हणाली. “तुझा आवाज बसणार. उद्या सकाळपर्यंत. आजचा दिवस तोंड बंद ठेव.”

पहिलं वाचन मिळालं. मी खुशीत जिना उतरलो.

कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे. स्वप्नांच्या बाबतीत अख्खा रस्ता त्याचा सल्ला घेतो, कारण तो कपडे परत देईपर्यंत लोकांना तिथे उभंच राहावं लागतं. माझा मुलाखतीचा पांढरा शर्ट त्याच्या टेबलावर पसरलेला होता. मी शिडी, मासा, खोकला, सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता विचारात पडला.

“भाऊ, माशाला खवले असतात. खवले म्हणजे अंगावरचं कापड. शिडी म्हणजे महत्त्वाचा दिवस. तुमचं एखादं चांगलं कापड जाणार बघा.”

“दुसरं काही?”

“दुसरं काही दिसत नाही.”

“पण मला वास येतोय. तुमचं काहीतरी जळतंय!”

“आमचं नाही,” तो खाली बघत म्हणाला, “तुमचं जळतंय.”

त्याने इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट! मी रस्त्यात असा ओरडलो की समोरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. आणि हा प्राणी काय म्हणाला? “एवढं झटपट फळ मिळालेलं मी पहिल्यांदाच बघतोय, भाऊ!” त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

तिसरं वाचन ऑफिसात. आमचे स्टोअरवाले काका वजनं आणि वह्या सांभाळतात आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची स्वप्नं सोडवतात. त्यांनी चष्मा पुसला आणि मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे एवढंच की आता फक्त अर्ध्या ऑफिसला ऐकू येणार होतं.

“अरे, हे फार वाईट आहे! शिडी म्हणजे बढती. मासा म्हणजे हातातून निसटणारी वस्तू. आणि मासा बोलत नाही. तुझी बढती निसटून न बोलणाऱ्या माणसाला जाणार.”

सगळ्यांनी मौनीकडे पाहिलं.

“हो,” मौनी म्हणाला. त्याला कुणीतरी चहा घेणार का म्हणून विचारलं होतं, पण ऑफिसभर कुजबुज सुरू झाली ती झालीच.

मला मात्र आनंद झाला होता. तीन जाणकार, तीन वेगळे अर्थ! हाताशी तपासणीची वही होती. सतरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला. नमुना: मासा, शिडी, खोकला. नमुन्याचा प्रकार: प्रत्यक्ष पडलेले स्वप्न. वाचन एक (आत्या), आवाज. वाचन दोन (इस्त्रीवाला), कापड. वाचन तीन (काका), बढती. निकाल लाल शाईत: नापास! खाली तारीख टाकून झोकात सही केली. आत्याला हे पान फाडून दाखवणार होतो.

पाच वाजता काकांनी दोन्ही उमेदवारांच्या वह्या मुलाखतीसाठी मोठ्या साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवल्या. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी घराच्या दारात उभा होतो, एका हातात जळका शर्ट घेऊन.

आत्या आल्याचा रस घेऊन समोर आली. “हे घे आणि बोलू नकोस.”

“मी बोलणार!” मी कडाडलो. “माझा आवाज बसणार नाही! स्वप्न पडलंच नव्हतं! मी ते बनवलं होतं!”

“बनवलंस कुठून?”

“डोक्यातून!”

“मग खरी स्वप्नं काय गुडघ्यातून येतात?” आत्या म्हणाली. “डोक्यातून आलं ना? झालं तर! रस घे.”

मंडळी, या वाक्याला उत्तर असेलही, पण मला ते सापडलं नाही, आणि न सापडल्यामुळे मी पुढचा एक तास ओरडत होतो. खुर्चीवरून ओरडलो, पाहुण्यांवरून ओरडलो, शर्टावरून ओरडलो. बायको म्हणाली, “अहो, हळू.” त्यावरूनही ओरडलो. “हे सगळं थोतां…” एवढं म्हटलं आणि घशातून नुसती वाफ निघाली.

“बाबा, तुमच्यातला आवाज संपला?” चिमणीने विचारलं.

आत्याने रसाचा पेला माझ्या हातात दिला.  

मुलाखतीला चालेल असा दुसरा शर्ट नव्हता, म्हणून बुधवारी सकाळी मी जळक्या शर्टावर कोट चढवला आणि मोठ्या साहेबांसमोर जाऊन बसलो. माझी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती, लाल शाईच्या पानावर.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

“आवाज बसलाय?” त्यांनी वहीत पाहिलं. “वाचन एक. बरं. उकडत असेल, कोट काढा ना.”

मी ‘नको’ म्हणून मान हलवली. घामाची धार कानामागून वाहत होती. त्यांनी पुन्हा सांगितलं. साहेबांनी दोनदा सांगितल्यावर काय करणार? कोट काढला. साहेब उठून माझ्या मागे आले, पाठ निरखून पाहिली आणि परत जागेवर बसले.

“वाचन दोन,” ते म्हणाले. “तपासनीस, तुम्ही नापास लिहिलंय. मला तर हा काटा बरोबर दिसतोय! तिसरं वाचन बढतीचं आहे. मग काय, यावर विश्वास आहे तुमचा?”

विश्वास! माझा! सतरा वर्षं आकड्यांशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न! रागाने माझे कान पेटले. मी टेबलावरचा कागद ओढला आणि पेन मोडेल इतक्या जोराने लिहिलं: ‘मुळीच नाही! मला असं स्वप्न पडलेलंच नाही! मी ते बनवलं!’

साहेबांनी कागद वाचला. मग वही वाचली. मग पुन्हा कागद.

“इथे तर ‘प्रत्यक्ष पडलेले स्वप्न’ असं लिहिलंय. सही तुमची आहे ना?”

मी मान डोलावली, आणि डोलावता डोलावता मला कळलं की मी काय करून बसलो आहे.

“म्हणजे नमुना बनावट,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “अहो, माणूस स्वप्नांवर विश्वास ठेवत असेल तर मी चालवून घेईन. माझ्या घरीही आहेत असे. पण तपासणीच्या वहीत खोटी नोंद? सहीनिशी? मुख्य तपासनीसाची सही लागली की बाजारात काटा खरा ठरतो. ती सही मी तुमच्या हातात कशी देऊ?”

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. काट्याची नोंद वेगळी आणि माशाची वेगळी, हे बोलायचं होतं. आत्याबद्दल बोलायचं होतं, खुर्चीबद्दल बोलायचं होतं, माझ्या कमरेबद्दल तर फारच बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि फुसकन हवा निघाली. पुढची वीस-वीस किलोची वजनं एका रांगेत माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. बाहेर काकांनी मौनीला हाक मारलेली ऐकू आली. पुढे जागा त्यालाच मिळाली. काय विचारलं कोण जाणे, पण उत्तर ‘हो’च असणार.

मी कोट उचलून दाराशी पोचलो तेवढ्यात साहेबांनी थांबवलं. स्वतः उठून दार लावलं. मग आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, यांचाही बसला.

“त्या वाचन एकवाल्या बाई. तुमच्या आत्या ना? त्या बाहेरच्या लोकांना भेटतात का?”

मी कोट खांद्यावर टाकला आणि मान डोलावली.

“महिनाभर मला एकच स्वप्न पडतंय. मी आपल्या मोठ्या काट्यावर उभा आहे आणि काटा शून्यावरून हलतच नाही. सगळं ऑफिस खाली उभं राहून बघतंय. याचा अर्थ काय असेल हो?”

ज्या माणसाने स्वप्नाच्या अर्थापायी सतरा वर्षांची मेहनत पाण्यात घातली, त्याला त्या क्षणी, तिथल्या तिथे, आत्याशिवाय, साहेबांच्या स्वप्नाचा अर्थ लख्ख कळला! तो त्यांना तोंडावर सांगण्यासाठी मी छाती भरून श्वास घेतला, घसा ताणला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर जोर लावला. आवाज फुटला नाही. फुटला असता तर होती ती नोकरीही गेली असती.

शेवटी मी त्यांना पत्ता लिहून दिला. आणि सकाळी लवकर या, म्हणजे गर्दी नसते, हेही खाली लिहिलं.