कॅमेऱ्यावरची टिकली

[ इशारा! तुमच्या संगणकात हेर असू शकतो. संरक्षण हवे? होय / नंतर ]

नंतर! तात्याराव रोज तेच दाबायचे.

"आपल्या घरात हेरण्यासारखं हायच काय? यील, बघंल, च्या पिऊन जाईल!"

ढोकीच्या साखर कारखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात अख्खी नोकरी गेलेली. त्यामुळं त्यांची कुजबुजसुद्धा भोंग्यासारखी!

पण लेक पौर्णिमा म्हणाली, "तात्या, स्पायवेअर कॅमेऱ्यातून बघतं बी!"

तात्याराव उडालेच! म्हणजे आपण पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर पेपर वाचतो, ते...?

त्यांनी तडक बायकोच्या, चांगुणाबाईंच्या टिकल्यांच्या पाकिटातली काळी टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर डकवली. काळ्यावर काळी! मुंगीलाही दिसू नये!

"झालं संरक्षण!"

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरच पौर्णिमाची मुलाखत. कंपनी पुण्याची, काम कॉम्प्युटर-सुरक्षेचं! तात्यारावांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. पोरीनं नोकरी करावी, पण घरात बसून! तिला पढवूनच ठेवलं होतं, "माझ्या गुडघ्याचं सांग."

[ चित्र दिसत नाही. आवाज चालू आहे. ]

पौर्णिमा घामाघूम होऊन बटणं दाबत होती. तिकडून मुलाखत घेणाऱ्या क्षमा मॅडम म्हणाल्या, "राहू दे, बोलू या. पुण्याला याल?"

"वडिलांचे गुडघे... घरून काम चाललं तर..."

दाराआड तात्याराव हरखले. "चांगुणा, बघ पोरगी! गुडघे म्हणं! काल तेर गावापर्यंत सायकल हाणली की म्या!"

"अवो, हळू! त्यांला कळंल!"

"कसं कळंल? डोळाच बांधलाय म्या! तुझी टिकली लावून!"

"डोळा बांधला. आन् कान?"

तात्यारावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ऐन हंगामात कारखान्याचा भोंगा दाबून धरावा तसं!

कॉम्प्युटरमधून आवाज आला, "काका, सायकल कुठली?"

"बावीस इंची, मॅडम!" तात्याराव बोलून गेले. मग जीभ चावली.

पौर्णिमानं नखानं टिकली खरवडली. तिचा लालबुंद चेहरा एकदम पडद्यावर!

"शेवटचा प्रश्न," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "घरच्या कॉम्प्युटरला स्पायवेअरपासून संरक्षण लागतं का?"

"लागतं, मॅडम! पण आमच्या घरातलं गुपित फोडायला स्पायवेअर लागत न्हाय!"

[ अभिनंदन! निवड झाली. रोज पुण्याच्या ऑफिसात यावे लागेल. काकांनी सोडायला यावे. सायकलवर! ]

पौर्णिमा नाचली. चांगुणाबाईंनी साखर वाटली. तात्यारावांनी संरक्षणाच्या त्या रोजच्या इशाऱ्यावर मुकाट्यानं 'होय' दाबलं आणि खाली बसले.

"चांगुणा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खरोखरच हळू होता, "गुडघा दुखायलाय गं."