शंभरात चाळीस

सोनकांबळे सरांनी कुणाला कधी हो किंवा नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते आकडा सांगायचे. "सर, चहा आणू का?" तर "सत्तर." साठच्या वर आकडा आला की चहा आणायचा, हे शिपायाला अनुभवाने कळलं होतं. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं, "उद्याच्या मीटिंगला येताय ना?" तर म्हणाले, "पंच्याण्णव. पाच मरणासाठी राखून ठेवतो."

मी त्यांची नक्कल करायचो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून "सत्तर" म्हटलं की टपरीवरची सगळी माणसं हसायची. ऑफिसात मला जे कुणी ओळखत होतं ते या नकलेमुळेच. एरवी मी फारसा बोलणारा नव्हे. ही हकीकत तर मी घरातही कुणाला सांगितलेली नाही.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. भाड्याच्या तीन खोल्यांत आमचं भूजल सर्वेक्षणाचं ऑफिस होतं, आणि खुर्च्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचे नंबर रंगवलेले होते. त्यात दुष्काळ. सर मूळचे बिलोलीकडचे. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेला हा संशोधक एक यंत्र घेऊन आमच्यात आला. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची, आणि खडक तिला किती अडवतो त्यावरून खाली पाणी असेल का याचा अंदाज बांधायचा. सळया ठोकणं माझं काम. कोरड्या मातीत वीज शिरत नाही, म्हणून सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागे. पाणी शोधायला आलेली माणसं पाणी ओतताहेत, हे बायका रिकाम्या घागरी घेऊन बघत राहायच्या. म्हणून सर आपल्या पिण्याच्या कॅनमधलंच पाणी ओतत, आणि मग संध्याकाळपर्यंत तसेच राहत.

ऑफिसची रीत अशी, की पाणी लागलं तर अहवालात ठळक अक्षरांत लिहायचं आणि बोअर कोरडा गेला तर बोलायचं नाही. सरांनी उलटंच सुरू केलं. जो आपली चूक सांगेल त्याला चहा त्यांच्याकडून. आमचा बिरादार फुकटच्या चहासाठी रोज नवी चूक रचून आणायचा. सर ती गंभीरपणे ऐकत आणि म्हणत, "बिरादार, ही चूक खरी असायची शक्यता दहा टक्के. अर्धा कप घ्या."

याच बिरादारने एकदा त्यांना प्लॉटमध्ये पैसे घालायला सांगितलं. "पाच वर्षांत दुप्पट, सर. खात्रीचं हाय."

"खात्री म्हटलं की मी खिसा धरतो," सर म्हणाले. "किती जणांचे बुडाले तेही सांगत जा. गुंतवणूक करावी ती शिकण्यात. कोरडा बोअर हीसुद्धा गुंतवणूकच आहे. फक्त तिचं व्याज पुढच्या गावाला मिळतं."

आम्ही हसलो. ज्या गावाला मुद्दल घालावं लागतं त्याचं काय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही आलं नसावं.

देवणीच्या बाजूला एका गावच्या बौद्ध वस्तीत आम्ही गेलो. एका वस्तीला एकच बोअर मिळणार होता. गयाबाई नावाची एक विधवा बाई दिवसभर आमच्यामागे हिंडत होती. सरांचं आडनाव ऐकून म्हणाली, "मग आपलेच हाव की वो तुम्ही."

"खडकाला ते कळत नाही, बाई," सर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी जागेवर दगड ठेवला. "शंभरात चाळीस."

"चाळीस म्हंजी किती वो, साहेब?"

"अशा दहा जागा खोदल्या तर चारांत लागेल."

"मग ही आमची जागा त्या चारातली का सहातली?"

सर म्हणाले, "ते खोदल्याशिवाय कुणालाच कळत नाही."

ते जीपकडे गेल्यावर तिने मला गाठलं. "बाबा, तू तरी सांग. माझ्या मधूचं लगीन अडलंय. पोरीचा बाप म्हनतो, आधी पाणी दाव, मग पोरगी देतो. लागंल का?"

मी वायर गुंडाळत होतो. भूक लागली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता, हेही खरं. मी म्हणालो, "लागंल, मावशी. नक्की लागंल."

तिने दुसऱ्याच दिवशी पोरीकडे निरोप धाडला. त्यांनी सुपारी फोडली.

खोदायचं यंत्र आलं त्या दिवशी सकाळपासून बोअरमधून राखाडी धुरळा उडत राहिला. पाण्याचा थेंबही नाही. अशा वेळी धुरळा खाली बसायच्या आत जीपमध्ये जाऊन बसायचं, ही आमची पद्धत. मी बसलो. सर मात्र बायकांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले.

"कोरडा गेला," ते म्हणाले. "यातून जे कळलं ते पुढच्या गावाला उपयोगी पडेल."

"पुढच्या गावाला?" गयाबाई कडाडली. "आन् आमी काय खावं, धुरळा? तुमच्या मान्सानं तर नक्की म्हनलं व्हतं! त्याच्यावर मी पोराची सुपारी फोडली!"

सर जीपपाशी आले. आवाज चढला नव्हता. "किती सांगितलंत?"

"शंभर, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग गयाबाईला हाक मारली. "मुलीचं गाव कुठलं?"

त्याच दुपारी आम्ही उदगीरच्या बाजूला मुलीच्या घरी पोचलो. गयाबाई मागे माझ्याशेजारी बसली होती.  मुलीच्या वडिलांनी बाज टाकली. सर बसले नाहीत.

"बोअर कोरडा गेलाय. बाईंनी तुम्हाला फसवलं नाही. आमच्याकडून जास्त सांगितलं गेलं. चूक आमची."

आमची, असं ते म्हणाले. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी खाली मान घालून बसून राहिलो.

"मग आता?" वडिलांनी विचारलं.

"दुसऱ्या बोअरसाठी वर लिहितोय. जागा बघितली आहे. तिथे पस्तीस."

"त्ये पस्तीस-फिस्तीस आमाला न्हाई कळत, साहेब. तुमची पोरगी असती तर दिली असती का त्या घरात? हाव म्हना, न्हाईतर न्हाई म्हना."

सर बाजेच्या कडेवर टेकले. 

"मला मुलगी नाही," ते म्हणाले. "लग्नच झालं नाही. एकीने असंच विचारलं होतं, हो की नाही ते सांग. मी म्हणालो, विचार करून सांगतो. माझा आकडा ठरेपर्यंत तिचं दुसरीकडे झालं."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

तेवढ्यात दारातून मुलीने विचारलं, "आता पाणी किती लांबून आनतात तिथं?"

"कोसभर," सर म्हणाले. "येताना चढ आहे. मी चालून पाहिलंय."

"मग आपल्याकडं तरी काय जवळ हाय, आबा?" ती बापाला म्हणाली. "मी बी कोसभरच जाते की रोज. आन् दोन्हीकडून चढच हाय."

 वडील गयाबाईकडे बघून म्हणाले, "च्या घिऊन जावा, इहिणबाई." गयाबाईने पदराने तोंड पुसलं, का डोळे, मला दिसलं नाही.

परतताना ती लग्नाबद्दल एकटीच बोलत होती. कुणाला बोलवायचं, मांडवाला पाणी कुठून आणायचं. देवणी यायच्या अलीकडे सरांनी जीप थांबवायला सांगितली. उतरून ते रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, खडक बघताहेत.

गयाबाई खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.  मग तिने हळूच विचारलं, "काय नाव व्हतं तिचं, दादा?"

सरांनी सांगितलं. वारा जीपच्याच दिशेने वाहत होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. ते मी इथे लिहिणार नाही.