रिकामा डबा घेत नाहीत

विनोदिनी आत्याची तेरवी झाली आणि तात्यापारा मोहल्ल्यातलं तिचं भाड्याचं घर रिकामं करायचं काम भाच्याकडे, म्हणजे शिशिरकडे आलं. दुसरं कोणी नव्हतंच. घरमालक बाबारावांना रविवारी संध्याकाळी किल्ली हवी होती. आणि शिशिरच्या बायकोने, कौमुदीने, सकाळच्या चहासोबतच कायदा ऐकवला होता.

"आपल्या फ्लॅटमध्ये सुई ठेवायले जागा नाही. तिथला एक चमचा जरी घरात आला, तर तुमची आरामखुर्ची बाहेर."

बाल्कनीतली ही आरामखुर्ची म्हणजे शिशिरचा स्वर्ग. ऑफिसातून येऊन तो एकदा तिच्यात पडला की जेवायला वाढेपर्यंत माणसात येत नसे.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पलंग बाबारावांनीच ठेवून घेतला, साड्या-गाद्या वाटून झाल्या. उरलं स्वयंपाकघर. भंगारवाला मारोती तराजू मांडून दारात बसला. शिशिरने पहिला स्टीलचा डबा उचलला, तर त्यावर नाव कोरलेलं: मंदाकिनी. दुसऱ्यावर: अजाबराव देशकर, वास्तुपूजन. मांडणीवर अख्खा मोहल्ला बसला होता.

कारण उघड होतं. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि आपल्या हातचं कोणाला द्यावं असं खुद्द आत्यालाही वाटत नसे. (तिचे बेसनाचे लाडू एकदा खलबत्त्यात कुटून वाढावे लागले होते.) तेव्हा एखाद दिवशी काहीतरी धड जमेल, या आशेवर ती आयुष्यभर डबे सांभाळत राहिली.

शिशिरला भरून आलं. भरून आलं की तो निर्णय घेतो.

"मारोतीभाऊ, तुम्ही जा. मी ज्याचं त्याले नेऊन देतो."

मारोती मान डोलवत "हव" म्हणाला आणि तराजू आवरताना त्याने शिशिरकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात.

एका गंजावर मात्र नाव दिसेना. हा गंज म्हणजे चांगलं गुडघ्याएवढं उंच पातेलं, आत्या त्यात अंघोळीचं पाणी तापवायची, त्यामुळे बाहेरून काजळीने काळाकुट्ट. शिशिरने सगळे डबे त्यातच रचले आणि ई-रिक्षा केली.

पहिलं घर मंदाकिनीबाईंचं. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि डबा परत शिशिरच्या हातात दिला. त्यांच्या मुलीने, पूर्णिमाने, समजावून सांगितलं, "भैया, मम्मी बोल रही हैं, खाली डिब्बा नहीं लेते."

"तुया आत्याले इतकी वर्षं समजत होतं बाप्पा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुले काहून समजत नाही?"

शिशिरने सदर बाजाराच्या कोपऱ्यावरून पोतंभर मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणला आणि प्रत्येक डब्यात भरला. आता बाईंनी डबा घेतला. पण भरलेला डबा घेऊन पोराला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्या आत गेल्या आणि चकल्यांनी भरलेला दुसरा डबा घेऊन आल्या. त्यावर नाव होतं विनोदिनी.

"हा तुया आत्याचाच, ते लाडू आले होते यात. तिच्याकडून माया डबा आला की हा देईन म्हणून थांबली होती."

पुढे घरोघरी हेच झालं. देशकरांनी आत्याचे दोन डबे काढले, एकात खारी ठेठरी, एकात गोड खुरमी, वरून डोळे पुसत तिचा झाराही दिला. त्यांच्या शेजाऱ्यांकडे आत्याचं काहीच नव्हतं, तर त्यांनी वाईट वाटू नये म्हणून स्वतःचाच डबा भरून दिला. शिशिर एक डबा द्यायचा आणि दोन घेऊन निघायचा. संध्याकाळी बाबारावांनी किल्ली घेतली, एकवार ई-रिक्षाकडे पाहिलं आणि म्हणाले की घर रिकामं झालं म्हणायचं, पण सामान वाढलं.

कौमुदी फ्लॅटच्या दारातच उभी होती. ती सरळ बाल्कनीत गेली, आरामखुर्ची ओढत दारापर्यंत आणली, आणि मग कुठे गंज नळाखाली धरून घासायला घेतला. (खुर्ची आधी, गंज नंतर. कायदा म्हणजे कायदा.) काजळी उतरली तशी अक्षरं वर आली. तिने ती मोठ्याने वाचली.

"लाडक्या कौमुदीस, लग्नानिमित्त. बाबा."

शिशिरच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. लग्नानंतरचा तो खोक्यांचा ढीग, आत्याकडचा सत्यनारायण, झालेला उशीर, आणि वरचं सगळ्यात मोठं खोकं न उघडता आत्याला भेट म्हणून उचलून नेणारा एक हुशार माणूस.

"इतकी वर्षं मी बाबाले ऐकवून राहिली," कौमुदी म्हणाली, "का लग्नात साधी वाटी दिली नाही म्हणून."

तिने माहेरी, अभनपूरला, फोन लावला, स्पीकरवर. तिच्या बाबांनी, नरहररावांनी, सगळं ऐकून घेतलं.

"मले वाटलं, जावईबापूंले आवडला नसंल," ते म्हणाले. "म्हणून मी विषय नाही काढला."

पुढच्या रविवारी आरामखुर्ची माफीनाम्यासारखी अभनपूरला गेली. नरहरराव तिच्यात बसले, डोळे मिटले, जेवायला वाढेपर्यंत माणसात आले नाहीत. जेवणं झाली, शिशिर निघाला. पण जावयाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? नरहररावांनी आतून एक गंज आणला. कोरा करकरीत, पहिल्यापेक्षा मोठा. यावेळी त्यांनी नाव तर कोरून घेतलंच होतं, खाली एक ओळही टाकली होती: जावईबापू शिशिर यांस. पुढे देऊ नये.

आता ऑफिसातून आल्यावर शिशिर बाल्कनीत तो गंज पालथा घालून त्यावर बसतो. उंची अगदी बरोबर आहे. आतून कौमुदी रोज विचारते, "आवडला ना?"

तो म्हणतो, "हव."