शेवटच्या पासची व्याख्या

हार्लन ड्रेशर याला कोल्बी काउंटी फुटबॉल कीर्तिदालनात घेण्याचा ठराव शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकमताने मंजूर झाला. हे वाक्य अकरा वाजून चौदा मिनिटांनी इतिवृत्तातून वगळण्यात आलं. तेव्हा असा कोणताही ठराव झालेला नाही, आणि वाचकांनीही तो वाचलेला नाही.

हार्लन अडुसष्ट वर्षांचा. एकेकाळी शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा आणि हरल्यावर गावाच्या शिव्या खाणारा. आमच्याकडचा फुटबॉल हातानं खेळतात आणि उरलेलं आयुष्य तोंडानं. हार्लनची इच्छा एवढीच होती, की वाचनालयात झेरॉक्स मशीन आणि स्वच्छतागृह यांच्यामध्ये जी मानाची भिंत आहे, तिथं आपल्या नावाची पितळी पाटी लागावी आणि ती आपण चष्मा लावून स्वतः वाचावी.

लायकीवर चर्चा व्हायचीच. त्याचे पास अचूक होते की झेलणारे उंच होते? त्र्याहत्तरच्या त्या सामन्यात वारं कुणाच्या बाजूनं होतं? प्रतिस्पर्धी गावातली मुलगी, ही नोरीन, बायको करून आणली, त्याचे गुण कापायचे की वाढवायचे? पण खरी अडचण नियम चारची होती. उमेदवार निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असावीत.

हा नियम तोंडपाठ असलेला समितीतला एकमेव माणूस म्हणजे लॉइड स्ट्रंक. हार्लनच्या काळचा राखीव क्वार्टरबॅक. सलग तीन मोसम तो बाकावर बसून होता, आणि त्या तीन मोसमांत हार्लनला साधी सर्दीही झाली नाही, ही त्याची जुनी तक्रार होती.

"शेवटचा पास कधी टाकलास?" पहिल्याच अर्जाच्या वेळी लॉइडनं विचारलं.

"शाळेत असताना. नोव्हेंबरात."

"आणि चार जुलैच्या सहलीत मक्याचं कणीस कुणी फेकलं?"

"अरे, नोरीननं मागितलं होतं!"

"मागितलं, फेकलं, तिनं झेललं. ऑर्विल, लिहून घे. पूर्ण झालेला पास."

अध्यक्ष ऑर्विल केंप यांनी लिहून घेतलं. निवृत्ती म्हणजे शेवटचा पास, आणि शेवटचा पास कोणता हे पुढचा पडेपर्यंत कळत नाही, असा खुलासा त्यांनी जोडला. पाच वर्षं नव्यानं मोजायला घेतली. पुढच्या खेपेला गाडीच्या किल्ल्या निघाल्या. त्याच्या पुढच्या खेपेला बदकांना टाकलेला पाव. तो झेलला गेला की पाण्यात पडला, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या.

मग हार्लननं फेकणंच सोडलं. नोरीननं मीठ मागितलं की तो उठायचा, टेबलाला वळसा घालायचा आणि डबी तिच्या हातात ठेवायचा.

"अरे, नुसता हात लांब केलास तरी पोचेल!"

"लॉइड खिडकीतून बघत असेल."

"बघू दे की मेल्याला! चाळीस वर्षं बघतोय, जेवायला ये म्हटलं तर येत नाही."

शेवटी ऑर्विलनंच नियमपुस्तक चाळून वाट काढली. मागं फेकलेली वस्तू पास धरत नाहीत, पास पुढंच टाकावा लागतो. त्या दिवसापासून हार्लन सगळं खांद्यावरून मागं फेकू लागला. कचरा, मोजे, कुत्र्याचं हाडूक. नोरीनच्या चार कुंड्या गेल्या. पुतणीच्या लग्नात तर त्यानं नवरानवरीकडे पाठ करून तांदूळ उधळले, आणि त्याला हे लग्न पसंत नाही असं सासरच्यांनी धरलं ते धरलंच. पण पाच वर्षं निघाली.

त्या शनिवारी ठराव आला. सगळे हात वर गेले. लॉइडचा हात बटाट्याच्या सॅलडकडे निघाला होता, पण मोजताना तोही धरला गेला. हार्लन बाहेर आपल्या ट्रकपाशी उभा होता. ऑर्विलनं पायरीवर येऊन नुसती मान हलवली, आणि हार्लननं आनंदाच्या भरात डोक्यावरची टोपी काढून भिरकावली.

पुढं.

टोपी गिरक्या घेत तीन ट्रकांवरून गेली आणि सॅलडची बशी घेऊन बाहेर पडणाऱ्या लॉइडच्या छातीत अलगद येऊन बसली.

"पन्नास वर्षांत असा पास पाहिला नाही," लॉइड टोपी छातीशी धरून म्हणाला. "पण मग हा माणूस निवृत्त कसा?"

"अरे, टोपी होती ती!" हार्लन ओरडला.

"वाकडीतिकडी पडली असती तर सोडून दिलं असतं रे. पण वाकडं फेकणाऱ्याला कीर्तिदालनात घ्यायचं तरी कसं?"

ऑर्विलनं आत जाऊन वाक्य खोडलं आणि परत येऊन हार्लनच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. एक सवलत आहे. दिवंगतांना पाच वर्षांची अट नाही. भिंतीवरच्या एकोणचाळीसपैकी अडतीस जण तसेच आलेत."

"आणि एकोणचाळिसावा?"

"त्याचा खांदा कायमचा निखळला होता."

"त्या अडतीस जणांवर वाद झाले?"

"छे! गेलेल्या माणसाबद्दल कोण वाद घालतं? लॉइड तर हुंदके देतो."

"तुझ्यासाठीही लिहून ठेवलंय मी," लॉइड टोपी परत देत म्हणाला. "दोन पानं. फार सुंदर उतरलंय."

"मग वाच की."

"आत्ता?" लॉइड दुखावला गेला. "तुझ्यासमोर? शोभेल का ते?"

सोमवारी हार्लननं अर्ज केला. नोरीननं टंकलेखन करून दिलं.

"विषय: एका दुपारपुरते दिवंगत समजणेबाबत. महोदय, अर्जदारास येत्या शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळेत दिवंगत समजण्यात यावे. त्याचे निवृत्तिवेतन व वाहन परवाना अबाधित राहावेत. सदर वेळेत अर्जदार पहिल्या रांगेत, दोन्ही हात खिशात घालून बसेल व कोणतीही हरकत घेणार नाही. श्री. स्ट्रंक यांनी दोन्ही पाने मोठ्याने वाचावीत. तसेच ज्या ज्या व्यक्तींनी कुणाहीविषयीचे चांगले शब्द तो माणूस गेल्यावर वापरण्यासाठी राखून ठेवले असतील, त्यांनी ते संबंधित इसमास ऐकू येत आहे तोवरच, कामकाजाच्या वेळेत, समक्ष द्यावेत, ही नम्र विनंती. प्रस्तुत अर्ज वाचणारी व्यक्ती यास अपवाद नाही."