दस्तगीरभाईंचे एकच क्रियापद

आमच्या शेजारचे दस्तगीरभाई दूध उशिरा आले की दूधवाल्याशी झेक भाषेत बोलतात. "चेकाम्," एवढेच. म्हणजे 'मी वाट पाहतो आहे'. तेही अशा आवाजात, की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसतात.

झेक भाषेतील हे एकच क्रियापद त्यांना येते. मात्र ते संपूर्ण येते. उद्यमनगरातल्या कारखान्यात त्यांची हयात लेथ मशीनवर गेली. "एका मशीनवर हात बसल्याबिगार दुसऱ्याला शिवायचं न्हाय, बाई," हा त्यांचा शिरस्ता. मी निवृत्त शिक्षिका. म्हणून चेकाम्, चेकाश्, चेका ही रूपे पुस्तकात बघून रोज सकाळी मी त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. माणसाची वाट पाहणे, पत्राची अपेक्षा करणे, बाईला दिवस गेलेले असणे, या सर्वांस हेच क्रियापद चालते. हे कळताच भाईंनी समोरच्या घरातील सूनबाईंची गोड बातमी झेकमधून गल्लीभर केली.

या अभ्यासामागे कारण आहे. भाईंचा मुलगा झेक देशात नोकरीला, सून तिकडचीच, आणि पाच वर्षांच्या नातीला, नूरला, झेकशिवाय दुसरी भाषा येत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर भाईंनी तिला विचारले, "जेवलीस का गं?" आपल्या कोल्हापुरात माया मोठ्यानेच करतात. आजोबा रागावले असे समजून पोर रडत पळाली. त्यानंतर तीन रविवार ती फोनसमोर आली नाही.

चौथ्या रविवारी भाईंनी मला शेजारी बसवले. काम एकच: आवाज चढला की खूण करायची. मुलाने सांगितले, नूर सोफ्यामागे आहे, पण येणार नाही म्हणते. भाईंनी घसा खाकरला. मी बोट उचलले. ते थांबले, आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाले, "चेकाम् ना तेबे." तुझी वाट पाहतो आहे.

आता पुढच्या रविवारी बघू, असे मुलगा म्हणाला. भाईंनी नकारार्थी मान हलवली. फोन काही बंद करू दिला नाही. दोन मिनिटे गप्प न राहणारा हा माणूस पंचवीस मिनिटे रिकाम्या सोफ्याकडे पाहत राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता. मी पंखा वाढवायला उठले, तर आवाज होईल म्हणून त्यांनी मला खुणेनेच खाली बसवले.

मग सोफ्याच्या पाठीवर हळूहळू एक कापडी बाहुली वर आली. धरणारा हात तेवढा दिसत होता.

भाईंनी टोपी सारखी केली आणि त्या बाहुलीला अदबीने सलाम केला.