इंजिन तिचंच होतं

नाना मयेकरांना खोटं बोलायला मी लावलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला गेलो तर मी हळूहळू स्वतःला बरा माणूस करून दाखवीन. तशी माझी सवय आहे.

नाना लग्नाला आले की आधी वरातीच्या गाडीखाली जात, मग मांडवात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होती आणि नवऱ्याकडच्या जीपखालून दोन पाय बाहेर आलेले होते. व्याही पांढरेफटक पडले. "अहो, कुणी चिरडलं की काय?" तेवढ्यात पाय हलले, मागून नाना निघाले. हातात कागदाचा तुकडा, कपाळाला ग्रीस. "इंजिन हिचंच हाय, काळजी करू नका," असं व्याह्यांना सांगून ते अक्षता टाकायला धावले. स्थळ चांगलं मिळाल्याची नानांची ती पावती होती.

गाडीचे कागद करायचे म्हणजे इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर लोखंडावरून उतरवून द्यावा लागतो. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून मऊ पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. शाळेत आपण नाण्यावर करायचो तसंच. नानांनी चाळीस वर्षं आरटीओ कचेरीबाहेर हा एकच उद्योग केला. मात्र प्रत्येक ठसा दोनदा घेतला. "एक सरकारला, एक मला." सरकारनं त्याचे ठसे कुठे ठेवले देव जाणे, नानांचे त्यांच्या कपाटात होते. सहा खणांचं कपाट. एका खणात कपडे, पाच खणांत वह्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मी म्हणजे "निळी स्कूटर". आमचे शेजारी वकील म्हणजे "घासलेला आठ". वकिलांना याचा अर्थ कळला नव्हता, आणि मी सांगितलाही नाही.

नानांच्या मते प्रत्येक कारखान्याचा हात वेगळा असतो. "ह्या साताची मान बघ, वायच वाकडी. हा त्यांचाच हात. आता हा दुसरा सात बघ. मान सरळ, आणि बाजूचं लोखंड कसं गुळगुळीत! म्हणजे कुणीतरी जुना नंबर घासून नवा मारलाय." रत्नागिरीचा रस्ता महामार्गाला मिळतो त्या हातखंब्याच्या तिठ्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्यांची रांग आहे. गाडी घेणारा माणूस नानांना मागे बसवून आला, की त्या रांगेतले दोघेतिघे लगबगीनं जेवायला जात. मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

या कामाचं नाना काही घेत नसत. न्यायचं, आणून सोडायचं आणि चहा पाजायचा, एवढीच अट. रोज नऊ वाजता ते पेन्सिल-कागदाची पिशवी मांडीवर घेऊन पडवीत बसत, कुणी हॉर्न वाजवतो का बघत. आणि संध्याकाळी पाच वाजता माझ्या चष्म्याच्या दुकानात.

हो, माझं चष्म्याचं दुकान आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नानांचे डोळे मीच तपासले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली आणि मग तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. "ह्यातला र तुटलाय," म्हणाले. मी जवळ जाऊन बघितलं. तुटला होता.

आता ती गाडी. जवळच्या खेडशी गावात एका डॉक्टरांकडे दोन सीटांची, छप्पर मागे पडणारी, लाल विलायती गाडी होती. मी शाळेत असताना डॉक्टर तिच्यातून रुग्ण बघायला जात आणि आम्ही पोरं दप्तरं टाकून मागे पळायचो. डॉक्टर गेले. मुलगा परदेशात. माईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं, गाडी विकायची ठरवली, आणि बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा तिच्या मागे पळायला लागलो.

"आधी पोट मावतं का बघून या," बायको म्हणाली.

पोट मावलं. किंमत मावेना. माईंचं म्हणणं, गाडीतलं सगळं मूळचं आहे, डॉक्टरांनी इंजिन कधी बदललं नाही. अशा गाडीचं मूळ इंजिन गेलेलं असेल तर तिचं मोल निम्म्यावर येतं, हे मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो. इतका अभ्यास मी चष्म्यांचाही केला नाही. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं.

"नाना," मी दुकानात विषय काढला, "उद्या माईंकडे जायचं. तुम्ही ठसा घ्यायचा, आणि म्हणायचं, नंबर नंतर मारलेला दिसतोय."

"दिसतोय काय?"

"दिसू दे."

नानांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मेल्या, लोखंडावर खोटा आळ घालू?"

मी हसत हसत म्हटलं, "माझ्यासाठी एवढं नाही करणार? मग उद्यापासून दुकानात येऊ नका." गमतीत म्हटलं. निदान म्हणताना मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनावरचा नंबर पुसला, कागद धरला, पेन्सिल घासली. काम नेहमीसारखंच झालं, फक्त या वेळी ठसा त्यांनी एकच घेतला. तो माझ्या हातात दिला आणि माईंकडे न बघता म्हणाले, "इंजिन हिचं नाय. नंबर मागाहून मारलाय."

मला वाटलं होतं, माई भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गॅरेजच्या पायरीवर बसल्या. "पण हे तर नेहमी सांगायचे, मी हिच्या इंजिनाला कुणाचा हात लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, "मला का खोटं सांगितलं असेल हो त्यांनी?"

नाना आपल्या चपलांकडे बघत राहिले. आणि मी? मी मनातल्या मनात टपावरचं कापड काळं घ्यावं की बदामी, हे ठरवत होतो. लिहितानाही लाज वाटते, पण बदामी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी माईंचा फोन आला. आवाज मोकळा होता. "नाना येऊन गेले. रिक्षा करून आले बिचारे. डॉक्टरांनी गाडी आणली तेव्हा कागद करायला नानांनीच ठसा घेतला होता म्हणे, ती वही घेऊन आले, आणि इंजिनाचा पुन्हा नवा ठसा घेतला. दोन्ही ठसे मी शेजारी ठेवून बघितले. अगदी तेच! तिनाचा पाय तुटलेला, तोसुद्धा तसाच. म्हणाले, माई, माझे डोळे गेले, मला चुकीचं दिसलं, डॉक्टरांवर शंका घेऊ नका."

"अजून काय म्हणाले?"

"काही नाही. रडत होते."

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

रत्नागिरीत बातमीला पाय नसतात, तिला गाडी असते. आठवड्यात सगळीकडे झालं की मयेकर नानांना दिसत नाही. हातखंब्याच्या रांगेतले लोक वेळच्या वेळी जेवू लागले. नाना नऊ वाजता पडवीत बसत, हॉर्न वाजवणारं कुणी येत नसे. पाच वाजता दुकानातही ते येईनासे झाले. माझं म्हणाल तर लोक विचारू लागले, "नानांचा चष्मा तुमच्याकडचाच ना?" तीन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. मला पहिलं वाईट वाटलं ते त्या तिघांचं. हेही सांगून टाकलेलं बरं.

शेवटी मी नानांकडे गेलो. ते वह्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालत होते.

"डोळे गेले असं का सांगितलंत?"

"मगे काय तुझं नाव सांगू?"

"पण मुळात माझं ऐकलंत कशाला? चार शिव्या घालायच्या होत्या."

नानांनी वही मिटली. "तू बोल्लास ना, दुकानात येऊ नका म्हणून. मी वायच घाबरलो. पोरगा विरारला, ही जाऊन सहा वर्षं झाली. सांजच्याला मी जायचं कुठं?"

"नाना, ती गंमत होती."

"असंल," ते म्हणाले. "मला नाय कळली."

मी तिथून निघालो तो सरळ माईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "गाडी तुला मिळायची नाही, ते आता सोड. आणि माझी माफी राहू दे. ज्याचं नाव घालवलंस ते कुठे गेलंय, तिथे जाऊन माग."

ते हातखंब्याला गेलं होतं.

नानांना मी "चला, एक गाडी बघायचीय" म्हणून स्कूटरवर घेतलं. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. तिठ्यावर उतरल्यावर त्यांनी सवयीनं सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुठची?" मी त्यांना हाताला धरून रांगेसमोर नेलं. रांगेतले पाच-सहा विक्रेते, दोन गिऱ्हाइकं आणि चहावाला एवढी मंडळी होती. रात्रभर पाठ केलेलं भाषण मी सुरू केलं, आणि गोव्याकडे जाणारा एक कंटेनर हॉर्न दाबून धरतच गेला.

"काय बोल्लात?" एकानं विचारलं.

पुन्हा सुरू केलं. लागोपाठ दोन ट्रक गेले.

"ओ चष्मेवाले, मोठ्यानं बोला की! काय इकायचं हाय काय तुमाला?" सगळे हसले. नानाही हसले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

पाठ केलेलं सगळं मी विसरलो. तिसऱ्यांदा जिवाच्या आकांतानं ओरडलो, आणि नेमका त्याच क्षणी रस्ता मोकळा झाला. माझा आवाज पार पलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत गेला असावा, कारण तिथलीही माणसं वळून बघायला लागली.

"नानांचे डोळे ठणठणीत आहेत! मी तपासलेत! माईंच्या गाडीचं इंजिन तिचंच आहे, ते नानांना पहिल्या नजरेतच दिसलं होतं! खोटं मी बोलायला लावलं, मी! नाना, माझं चुकलं. मला माफ करा."