समोरचा हॉल

अंतराच्या लग्नासाठी हॉल शोधावाच लागला नाही. तो प्रभाकर खांबेट्यांच्या गॅलरीतून दिसत होता. मध्ये फक्त हायवे.

"आपल्या पाहुण्यांना ना बस लागणार, ना रिक्षा," प्रभाकर भेटेल त्याला सांगायचे. "गॅलरीतून हाक मारली तर तिकडचा आचारी ओ देईल. आणि तोवर इंटरचेंजही सुरू होतोय. मग डोंबिवलीत आणि सिंगापुरात फरक राहील तो फक्त वड्यांचा."

हे बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बँकेत नोकरीला असल्यापासून ते नागरिक समितीचे चिटणीस. हायवे रुंद व्हावा, त्याला चढायचे-उतरायचे रॅम्प मिळावेत म्हणून साहेबलोकांच्या केबिनबाहेरच्या बाकांवर बसून त्यांनी किती पँटी झिजवल्या याला गणती नव्हती. अंतराचं पहिलं गॅदरिंग झालं तेव्हा ते ठाण्याला बैठकीत होते. दहावीचा निकाल लागला तेव्हाही बैठकीतच होते, फक्त बैठक निराळी होती. घरात त्या बांधकामाला 'पूल' म्हणायची बंदी होती. इंटरचेंज म्हणायचं. त्यांच्या पत्नी मंदाकिनी त्याला 'यांचा भोवरा' म्हणायच्या, पण स्वयंपाकघरात.

रुंदीकरणात पलीकडच्या बाजूची दुकानं गेली. त्यांत प्रभाकरांच्या धाकट्या भावाची, रवींद्रची, पिठाची गिरणी होती. जनसुनावणीत रवींद्र तोंड उघडायच्या आत प्रभाकर उभे राहून म्हणाले होते, "पहिली गिरणी माझ्या भावाची पाडा, मग इतरांचं बघा." टाळ्या पडल्या. आणि खरोखरच पहिली तीच पडली. तेव्हापासून रवींद्र दुसऱ्याच्या गिरणीत दळणं दळत होता आणि प्रभाकरांच्या घरची पायरी चढत नव्हता. पुतणीच्या लग्नाला मात्र तो आणि त्याची बायको जया आदल्या दिवसापासून हॉलवर राबत होती. प्रभाकरांशी तो बोलायचा ते कामापुरतं. "दादा, जरा सरक, खुर्च्या लावायच्यात."

आदल्या संध्याकाळी सीमान्तपूजनाला मुलाकडची मंडळी आंबिवलीहून भलत्याच उशिरा पोचली. नवऱ्यामुलाचे, विनीतचे, वडील मारुतीराव घाम पुसत म्हणाले, "हा रस्ता ज्याच्या डोक्यातून निघाला ना, त्याला एकदा यावरनं फिरवून आणला पाहिजे."  हातातली जिलबी प्रभाकरांनी हळूच ताटात परत ठेवली. ते दोन्हीकडच्या बायकांनी पाहिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळचे विधी आटोपले. यायची राहिली होती ती फक्त ठमाबाई, प्रभाकरांची आत्या. आई लवकर गेल्यावर दोघा भावांना तिनंच वाढवलेलं. आता गुडघे कामातून गेले होते, आणि परक्या संडासात पाऊल टाकायचं नाही हा निश्चय मात्र शाबूत होता. म्हणून रात्री ती घरीच राहिली होती.

"आत्याला मी गाडीतून घेऊन येतो," प्रभाकर म्हणाले.

"दुसरं कुणी जाईल," मंदाकिनी म्हणाल्या. "मुहूर्त जवळ आलाय. कन्यादानाला तुम्ही लागणार."

"अगं, समोर तर आहे."

रेशमी कद नेसलेला, उघड्या अंगावर उपरणं, पोटात उपास, अशा थाटात ते दुभाजकातल्या कटमधून चालत पलीकडे गेले. आत्याचं नऊवारी नेसून व्हायला अंमळ वेळ लागला. तिला मागच्या सीटवर बसवून, तिच्या हातात अक्षतांची पुडी देऊन ते गाडी घेऊन बाहेर पडले, तर कट गायब. क्रेनने तिथे सिमेंटचे ठोकळे आणून मांडले होते. शेजारी लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा होता.

"इथनं बंद झालं," तो म्हणाला. "वरनं जा. वरचं चालू झालंय."

"इंटरचेंज सुरू झाला? उद्घाटन कधी झालं?"

"ते नंतर होईल. आज ट्रायल."

प्रभाकरांचा चेहरा उजळला. ज्या दिवशी मुलीचं लग्न, त्याच दिवशी आपला इंटरचेंज सुरू व्हावा, या योगानं त्यांना इतकं भरून आलं की मुहूर्ताचा क्षणभर विसर पडला. "आत्या, आता बघ. डावीकडून चढायचं, गोल फिरायचं, पलीकडे उतरायचं. बसल्या जागी पोचशील."

"पूर्वी नुसता रस्ता ओलांडायचे," आत्या म्हणाली.

चढले, फिरले, उतरले. सगळं नकाशाबरहुकूम. डाव्या हाताला हॉल दिसू लागला, सनई ऐकू येऊ लागली. मात्र हॉलचं फाटक होतं सर्व्हिस रोडवर, गाडी होती मुख्य रस्त्यावर, आणि दोहोंच्या मध्ये कमरेएवढी सलग भिंत. मागे एक कंटेनर भोंगा वाजवत होता. हॉलच्या गच्चीतून पाहुण्यांनी गाडी ओळखली आणि हात हलवले. प्रभाकरांनीही हात हलवला आणि ते पुढे निघून गेले.

फोन वाजला. "अहो, तुम्ही पुढे गेलात," मंदाकिनी म्हणाल्या.

"माहितेय. सर्व्हिस रोडला उतरायचा रॅम्प पुढे आहे."

रॅम्प होता. त्याच्या तोंडावर पिंपं आडवी लावून ठेवली होती. त्यापुढचं वळण थेट कल्याणच्या अंगाला. तिथून फिरून ते परत आले ते रस्त्याच्या मूळच्या बाजूला, स्वतःच्या सोसायटीसमोर. वॉचमनने सलाम ठोकला.

"हा आपलाच ना रे?" आत्यानं विचारलं.

"आपलाच."

"मग मला उतरव इथं. तू लग्न लावून ये."

"दोन मिनिटांत पोचतो," म्हणत प्रभाकरांनी गाडी पुढे काढली. दुसऱ्या फेरीला इंटरचेंजच्या तोंडाशी रस्ता दोन बाजूंना फुटला. मघाशी हे दिसलं नव्हतं, कारण मघाशी तिथे रोलर उभा होता. दिशा दाखवणारा भलामोठा फलक उद्घाटनासाठी निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला. प्रभाकरांनी डोळ्यांपुढे नकाशा आणला. नकाशा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी आत्मविश्वासानं स्टिअरिंग वळवलं, गाडी ऐटीत वर चढली, शीळफाट्याच्या डोक्यावरून गेली आणि उतरली ती मुंब्र्याच्या रस्त्याला.

रस्ता रुंद होता यात वाद नाही. इतका रुंद की ते मधल्या लेनमधून कडेच्या लेनकडे सरकत जायचे, आणि कडेला पोचेपर्यंत बाहेर पडायची जागा मागे गेलेली असायची. दोन्ही अंगांना ट्रक. थांबायची सोय नाही, वळायची नाही. याच सोयी काढून टाकाव्यात म्हणून त्यांनी निवेदनं दिली होती. 'विनाअडथळा वाहतूक' हे शब्द त्यांचेच.

"कुठे आहात?" मंदाकिनींचा फोन.

"मुंब्र्याकडे."

पलीकडून सनई ऐकू येत होती. मंदाकिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "इथे भलतंच झालंय. तुम्ही हॉलसमोरून गेलात, हात केलात आणि निघून गेलात. मग उलट्या दिशेनं गेलात. मारुतीरावांना वाटतंय, तुम्ही कालच्या बोलण्यावरून रुसून आत्याला घेऊन चाललात. तुमची समजूत काढायला त्यांनी विनीतच्या मामांना पाठवलंय. मारुतीरावांचा पुतण्या दिपेश बाइकवरून घेऊन गेलाय त्यांना."

"कुठल्या रस्त्यानं?"

"तुमच्याच."

प्रभाकरांनी डोळे मिटले आणि ट्रकच्या भोंग्यानं लगेच उघडले. "गुरुजींना म्हणावं, थोडं थांबा."

"विचारलं. त्यांना पुढचं लग्न शहाडला आहे. म्हणाले, मलाही याच रस्त्यानं जायचंय, आता तर अजिबात थांबत नाही."

मुंब्रा बायपासवर सगळं तुंबलं. ट्रकांच्या रांगेत गाडी उभी असताना मंदाकिनींनी फोन मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांजवळ नेऊन धरला. प्रभाकरांनी स्पीकर लावला. शेजारच्या टेम्पोचा क्लीनर खिडकीतून वाकून ऐकू लागला. दर 'सावधान'ला आत्या मागून अक्षता टाकत होती. त्या प्रभाकरांच्या मानेवर पडत होत्या, कॉलरच नसल्यामुळे पाठीवरून घरंगळत कदात जात होत्या. शेवटचं 'सावधान' झालं, बँड वाजला, टाळ्या झाल्या.

"झालं लग्न," आत्या म्हणाली. "छान झालं." आणि पदरानं डोळे पुसले.

"कन्यादान राहिलंय अजून," प्रभाकर म्हणाले. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली.

रस्त्यानं त्यांना सोडलं ते एकदम ठाण्यात. पेट्रोलपंपावर ते गाडीतून उतरले तर एक गृहस्थ हात जोडून पुढे आला. "गुरुजी, नवी गाडी घेतलीय, पाच मिनिटांत पूजा उरकाल का?" प्रभाकर त्याला काही सांगणार, तेवढ्यात बाइकवरून दिपेश आणि मामा आले. मामांचा फेटा सुटून गळ्यात आला होता, धुळीनं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"साहेब, राग सोडा," मामांनी प्रभाकरांचे दोन्ही हात धरले. "भावजींची जीभ जरा तिखट आहे, मन वाईट नाही. पोरीकडं बघून परत चला."

"अहो, मी रुसलो नाहीये."

"तसं नका म्हणू. माणूस उगाच ठाण्यापर्यंत येत नाही."

"याला वळायला मिळालं नाही हो," आत्या गाडीतून म्हणाली. "राग कसला."

मामांना ते पटलं नाही. हॉलपर्यंत सबंध रस्ता ते बाइकवरून गाडीच्या शेजारून चालले होते, प्रभाकर पुन्हा पळू नयेत म्हणून.

रॅम्पवरची पिंपं दिपेशनं बाजूला सरकवली आणि ते पोचले, तेव्हा शेवटची पंगत उठत होती. रवींद्र व्यासपीठाच्या कडेला बसला होता. अंगावर कुणाचं तरी मागून आणलेलं सोवळं, आखूड. शेजारी जया. प्रभाकरांना पाहून तो उठला.

"मी बसणार नव्हतो, दादा," तो म्हणाला. "वहिनी म्हणाल्या, वडील नाहीत तर काका. म्हणून बसलो. काही राहिलं असेल तर गुरुजींना विचार. पण ते गेले."

  "बरं केलंस," प्रभाकर म्हणाले. रवींद्रनं मान हलवली आणि तो सतरंज्या गुंडाळायला गेला.

अंतरा आली. शालू, मुंडावळ्या, मोठी दिसत होती. तिनं वाकून नमस्कार केला.

"बाळा, रस्ता असा होता की..."

"माहितेय बाबा," अंतरा म्हणाली. "सासूबाई म्हणत होत्या, वडील रुसलेत. मी त्यांना सांगितलं, बाबा रुसत नाहीत, रस्त्याच्या कामात असतात. माझ्या सवयीचं आहे."

ती हे अगदी गोड बोलली. आवाजात कुसकेपणा असता तर प्रभाकरांना जरा बरं वाटलं असतं.

जयानं ताट आणलं. प्रभाकरांनी हात मागे घेतला. "कन्यादान झाल्याशिवाय मला जेवायचं नाही."

"झालंय की रे," आत्या म्हणाली. "जेव."

ते जेवले. मठ्ठा संपला होता.

पाठवणीची वेळ झाली. सजवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं विचारलं, "आंबिवलीला जायला इथून बाहेर कसं पडायचं?" सगळ्यांनी सवयीनं प्रभाकरांकडे पाहिलं. प्रभाकरांनी घसा साफ केला. तोवर रवींद्र ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. "चल. गावातून काढतो तुला. गोठ्यामागनं गल्ली आहे, बंद दिसते, पण निघते." अंतरानं काचेतून हात हलवला, आधी आईला, मग बाबांना. गाडी गोठ्यामागे दिसेनाशी झाली.

फाटकात उरली चौघं. समोर, ठोकळ्यांच्या पलीकडे, सोसायटीत दिवे लागले होते. मंदाकिनी थोडा वेळ आपल्या गॅलरीकडे बघत राहिल्या.

"चला, घरी जाऊ," प्रभाकर म्हणाले. "आता कळलाय मला तो फाटा. उजवीकडचा धरायचा होता."

"मी आणि आत्या आज जयाकडे राहतो," मंदाकिनी म्हणाल्या. "त्यांचं घर याच बाजूला आहे."

जयानं रिक्षा थांबवली. आत्याला दोघींनी धरून आत बसवलं, मग त्या दोन बाजूंना बसल्या. प्रभाकर कदाचा सोगा सावरत रिक्षापाशी गेले.

"आणि मी?"

 जयानं रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. आत्यानं तेवढं बाहेर डोकं काढलं.

"तू ये मागून," ती म्हणाली. "चालत ये. गाडी काढू नकोस."